यूएसबी माइकची जोडणी तुटल्यास

परिपाठ, कवितागायन आणि वाचनाचे ध्वनिमुद्रण यांसाठी कित्येक शाळांतून संगणकास जोडावयाचा यूएसबी माइक आता वापरात आहे. चारचौघांत बोलण्यास संकोचणाऱ्या मुलास आपलेच वाचन पुन्हा ऐकावयास मिळाले, म्हणजे उच्चार सुधारण्याची त्यास गोडी लागते. असा माइक बंद पडला की तो कपाटात जातो आणि कालांतराने जडवस्तुसंग्रह नोंदवहीतून त्याचे निर्लेखन होते. वस्तुतः पुष्कळदा माइक सुस्थितीत असतो. तुटलेली असते ती केवळ त्याची जोडणी. दोष कोठे आहे हे शिक्षकाने ओळखले, तर थोड्या खर्चात दुरुस्ती होऊ शकते.

प्रथम या माइकची रचना ध्यानी घ्यावी. आवाजाचे विद्युत्‌स्पंदांत आणि त्या स्पंदांचे अंकांत रूपांतर माइकच्या आतच होते. ते अंक वायरीतून संगणकाकडे जातात. या वायरीत सामान्यतः चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट वीज येते. काळी तार त्या विजेच्या परतीची. पांढरी व हिरवी या दोन तारा माहिती वाहून नेतात.

यास्तव लक्षणांवरून दोषाचा अंदाज बांधता येतो. माइकवरील दिवा मुळीच लागत नसेल, तर लाल किंवा काळी तार तुटली असण्याचा संभव आहे. दिवा लागतो, परंतु संगणक माइक ओळखत नाही, असे असल्यास पांढऱ्या वा हिरव्या तारेकडे पाहावे. वायर हलविताच माइक जोडला जातो आणि लगेच सुटतो, तर सांधा सैल झाला आहे असे समजावे. संगणक माइक ओळखत असून आवाज मात्र येत नसेल, तर बहुधा जोडणीचा दोष नसतो. माइकवरील आवाज बंद करण्याचे बटण व संगणकातील ध्वनीची सेटिंग तपासावी.

दुरुस्तीस नेण्यापूर्वी माइक संगणकाच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहावा. वायर सुटी होणारी असल्यास दुसरी वायर वापरून पाहावी. येथे एक सावधगिरी हवी. मोबाइल चार्ज करण्याच्या काही वायरींत लाल व काळी अशा दोनच तारा असतात. अशा वायरीने दिवा लागतो, पण माइक चालत नाही, आणि चांगला माइक नादुरुस्त ठरतो.

दोषाची स्थाने मुख्यतः तीन. सुटी वायर तुटली असेल तर ती बदलावी. माइकला कायम जोडलेली वायर पिनेच्या मानेशी तुटली असेल, तर तेवढा भाग कापून कारागिराकडून नवी पिन बसवून घ्यावी. स्वस्त वायरींत तारांचे रंग नेहमीच प्रमाणाप्रमाणे नसतात. म्हणून कोणती तार कोठे जाते हे मल्टिमीटरने पाहूनच जोडावे. लाल व काळी यांची अदलाबदल झाल्यास माइक कायमचा निकामी होऊ शकतो. तिसरे स्थान माइकच्या अंगावरील सॉकेट. ते आतील सर्किटच्या पट्टीवर बारीक सोल्डरिंगने बसविलेले असते. ते डळमळू लागताच वापर थांबवावा. दाबून चालविल्यास पट्टीवरील तांब्याचे पातळ थर उखडतात आणि दुरुस्ती अवघड होते. मोबाइलचे चार्जिंग सॉकेट बदलणारा कारागीर हे काम करू शकतो. सॉकेटच्या धातूच्या कवचाचे पायही पक्के सोल्डर करावयास त्यास अवश्य सांगावे. ओढाताणीचा भार मुख्यतः त्यांवरच पडतो.

काम झाल्यावर लाल व काळी तार एकमेकींस चिकटलेली नाही, याची मल्टिमीटरने खात्री करून मगच माइक संगणकास लावावा. ५ व्होल्टचा धक्का बसत नाही. परंतु सोल्डरिंगची इस्त्री अत्यंत तापते आणि सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. म्हणून हे काम मुलांच्या वर्गात करू नये.

दुरुस्तीपेक्षा जपणूक सोपी. यूएसबीच्या प्रमाणानुसार संगणकात घालावयाची नेहमीची चपटी पिन किमान १,५०० वेळा घालण्याकाढण्यास टिकली पाहिजे. वर्षाचे २०० दिवस, रोज दोनदा पिन घातली, तर पावणेचार वर्षांत ही संख्या भरते. याकरिता एक आखूड जोडवायर आणून माइकची पिन तिच्यात कायम ठेवावी आणि संगणकास जोडवायरच लावावी. झीज तिची होईल, माइकची नव्हे. पिन काढताना वायर ओढू नये, पिनच धरावी. वायरीचा एक सैल वेढा माइकच्या स्टँडला बांधावा, म्हणजे कुणाचा पाय अडखळला तरी सॉकेटला हिसका बसणार नाही. वायर घट्ट गुंडाळू नये.

निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी एवढी तपासणी अवश्य करावी, आणि आढळलेला दोष एका चिठ्ठीवर लिहून ती माइकसोबत कारागिराकडे द्यावी. त्यामुळे त्याचा वेळ वाचेल, आणि मुलांचे ध्वनिमुद्रण फार दिवस खोळंबणार नाही.