पोरगी वकील होईल, पण पहिली तीन वर्षे?

गेल्या महिन्यात शुक्रवार पेठेतील एका घरी जाण्याचा योग आला. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, मुलगी बारावीला. जय भीम झाला, चहा झाला आणि वडिलांनी थेट विषयाला हात घातला. "दादा, ही वकील व्हायचं म्हणते. क्लासवाला 50 हजारांच्या वर मागतोय. सोसायटीचं कर्ज काढू का?" सुपातून मान वर न करता आई म्हणाली, "आणि वकील झाल्यावर पगार कोण देतंय?"

क्लासचे उत्तर आम्ही तिथेच दिले: कर्ज काढू नका. आईच्या प्रश्नाला मात्र तेवढ्यात उत्तर देता आले नाही. हा लेख त्यासाठीच.

आधी परीक्षेचे पाहू. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. आपल्या राज्यातील महाविद्यालयांसाठी 2016 पासून राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटी द्यावी लागते. सोलापूरच्या दयानंद विधी महाविद्यालयात जायचे असले तरी दार हेच. ही परीक्षा संगणकावर होते, प्रश्न मराठीतही असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दुसरी परीक्षा 'क्लॅट', राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. तिचे 120 प्रश्न सगळे इंग्रजीत, वेळ दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. फॉर्मची फीसुद्धा हजारांत. इंग्रजीचे लांबलचक उतारे भराभर वाचता येत असतील तर ही परीक्षा जरूर द्यावी. शेजारच्याने दिली म्हणून आपणही द्यायची, असे करू नये.

सीईटीत कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी हे विषय असतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला थोडे गणितही असते. कायद्याची समज म्हटले की मुले घाबरतात. खरे तर तेथे पाठांतर कमी आणि डोके शांत ठेवणे जास्त लागते. त्या घरी आम्ही एक प्रश्न तयार करून विचारला. नियम असा: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकणे म्हणजे अनधिकृत प्रवेश, मग नुकसान होवो वा न होवो. घटना अशी: पतंग शेजारच्या गच्चीवर पडला, पोरगा न विचारता वर चढला, पतंग घेऊन खाली आला. दोषी की नाही? वडील म्हणाले, "लहान लेकरू आहे, त्यात कसला गुन्हा?" मुलगी म्हणाली, "पप्पा, नियमात वय कुठं लिहिलंय? दिलेल्या नियमाप्रमाणे तो चुकलाच." बरोबर उत्तर तिचेच. दिलेला नियम धरून चालायचे, त्यात आपली माया घालायची नाही. अशा 20-25 प्रश्नांचा रोज सराव, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, रोजचे वर्तमानपत्र आणि शासनाने मराठीत छापलेले संविधान, एवढ्या सामानावर सहा महिने बसणारी मुलगी क्लासवाल्याला भारी पडते, हे आमचे मत. एक सावधगिरी मात्र बाळगा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. रद्दीतून स्वस्तात घेतलेले त्याआधीचे पुस्तक गोत्यात आणते.

कागदपत्रांचेही आताच बघा. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. निकाल लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. बारावीला असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज टाकावा. बौद्ध कुटुंबांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती 1990 च्या कायद्याने मिळाल्या. तेव्हा दाखल्यावरील प्रत्येक अक्षर शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावे. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला बारावीत किंवा पदवीला 40 टक्के गुण पुरतात. उत्पन्न मर्यादेत असेल तर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्जही विसरू नये.

आता आईचा प्रश्न. उत्तर कडू आहे. पगार कोणी देत नाही. पदवी झाली, सनद मिळाली, बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा पास झाली, तरी नव्या वकिलाला एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसावे लागते. तेथे हातात काय पडेल ते त्या ज्येष्ठाच्या मनावर. ज्युनिअरला शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत, अशी शिफारस भारतीय बार कौन्सिलने 2024 मध्ये केली. पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. पूर्वी पदवी मिळताच न्यायाधीशपदाची परीक्षा देता येई. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ज्याच्या वडिलांचे ऑफिस आहे त्याची ही तीन वर्षे सहज निघतात. विड्यांवर चालणाऱ्या घरात ती कोणाच्या जिवावर काढायची?

खुद्द बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. 1922 मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू करायची तर सनदेपुरते पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी ते उसने दिले. पुढे पक्षकार येईनात म्हणून बाटलीबॉय यांच्या संस्थेत अर्धवेळ शिकवून त्यांनी घर चालवले. सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह जानेवारी 1925 मध्ये उघडले, ते याच ओढाताणीच्या दिवसांत.

सनदेपुरता भार मात्र आज हलका झाला आहे. बार कौन्सिले नोंदणीच्या नावाखाली हजारो रुपये घेत होती. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात आहे तेवढीच फी घ्या: सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपये. हा आकडा वहीत लिहून ठेवा. जास्त मागितले तर निकालाचा हवाला द्यायचा.

उरतात ती तीन वर्षे. आमच्या सोलापुरात याला एक जुनी वाट आहे. सुशीलकुमार शिंदे यांनी इथल्याच सत्र न्यायालयात बेलीफची नोकरी केली, नोकरी करता करता दयानंदमधून पदवी घेतली आणि कायदा त्यानंतर केला. आधी पदवी, हाताला काम आणि मग तीन वर्षांचा अभ्यासक्रम, हा मार्ग गरिबाच्या घरी जास्त झेपतो, असे आम्हाला वाटते. मात्र सनद घेतली की पूर्णवेळ पगाराची नोकरी सोडावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

वकिलीसाठी मुंबईच गाठली पाहिजे, हेही आता राहिले नाही. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसले. सोलापूरचे खटले तिकडेच जातात. त्याचे उद्घाटन ज्यांच्या हस्ते झाले ते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीत नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले. उच्च न्यायालयाचे कामकाज अर्थात इंग्रजीतच. म्हणून पोरीने मराठीत पेपर दिला तरी इंग्रजीला सुट्टी नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर त्या माउलीने सूप बाजूला ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, "क्लासचं कर्ज नको. त्याच्या हप्त्याएवढे पैसे पोस्टात हिच्या नावानं टाका. कोट घातल्यावर लागतील." वडील काही बोलले नाहीत. मुलीने मात्र विचारले, "दादा, जुन्या प्रश्नपत्रिका कुठं मिळतील?" सीईटी कक्षाच्या संकेतस्थळाचे नाव आम्ही तिला वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून दिले. पुढच्या रविवारी इंग्रजीचा उतारा वाचून दाखवायचे तिने कबूल केले आहे.