जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

२०२५ च्या दिवाळीत मावसभावाने माळ्यावरून माझा कॉलेजमधला लॅपटॉप काढला. "दादा, याच्यावर पायथन शिकता येईल का रे?" ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केला, चहा पिऊन झाला, तरी स्क्रीनवर गोल फिरतच होतं. त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबरलाच संपला होता. आता त्यावर लिनक्स मिंट आहे आणि पोरगा रोज त्यावर कोड लिहितोय.

लिनक्स म्हटलं की काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं आठवतात ना? पण तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर लिनक्स आधीपासून तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सच आहे. या कर्नलवर डेस्कटॉप, ब्राउझर वगैरे बसवून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो ढीगभर आहेत, त्यावर वाद घालणारे त्याहून जास्त. नवीन असाल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं. प्रोसेसर मात्र ६४ बिट हवा.

मिंटच्या वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते, म्हणून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस या मोफत प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. लॅपटॉपचं विंडोज उघडतच नसेल तर अँड्रॉइड फोनला ओटीजीने पेन ड्राइव्ह जोडा आणि एचड्रॉइड ॲप वापरा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

मग लॅपटॉप चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबून पेन ड्राइव्ह निवडा. मिंट थेट त्यावरूनच चालू होतं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. लॅपटॉपच्या डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. इथे घाई करू नका. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, सगळं तपासा. काही जुन्या वाय-फाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, नेट मिळेल आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकता येईल. लाइव्ह सेशन थोडं संथ वाटतं, कारण सगळं पेन ड्राइव्हवरून वाचलं जातं.

आता खरी धोक्याची जागा. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा पर्याय येतो. सेकंड इयरला असताना मी बाबांच्या लॅपटॉपवर तो न वाचताच निवडला होता. 'सी ड्राइव्हच जाईल, डी राहील' असं वाटलं होतं. पण डिस्क म्हणजे अख्खी डिस्क. आजीच्या शेवटच्या गणपतीचे फोटो डी मध्ये होते. बाबा काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून इन्स्टॉलच्या आधी लाइव्ह सेशनमध्येच फाइल मॅनेजर उघडा. विंडोज बंद पडलेलं असलं तरी हार्ड डिस्क धड असेल तर फोल्डर तिथे दिसतात. बिटलॉकर लावलेलं असेल तर रिकव्हरी की लागेल. फोटो, मार्कशीट, सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातले दोन-चार फोटो उघडून बघा. नुसतं 'कॉपी झालं' यावर विश्वास ठेवू नका.

मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये मी नंतर हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवली. खरं सांगायचं तर वेगात जाणवणारा सगळ्यात मोठा फरक तिनेच पडला. जुनी हार्ड डिस्क एका यूएसबी डब्यात घालून कपाटात ठेवलीय, काहीही न पुसता.