सात सामने आणि दोन गुण

कुस्तीच्या फडात निकाल चटकन लागतो. पाठ मातीला लागली, पंचाने विजयी मल्लाचा हात वर केला, की श्रेष्ठ कोण हा प्रश्न मिटला असे आपण धरून चालतो. पण हरलेला मल्ल फडाबाहेर पडताना ‘पाय घसरला म्हणून, नाही तर...’ असे पुटपुटतोच, आणि त्याच्या म्हणण्यात कधीकधी तथ्यही असते. एका झुंजीच्या निकालात अंगच्या गुणाचा वाटा किती आणि दैवाचा किती, हे निवडून काढणे कठीण असते. म्हणूनच क्रिकेटमध्ये पाच-पाच कसोट्यांची मालिका खेळण्याचा प्रघात पडला. अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलने याच कल्पनेला आणखी काटेकोर रूप दिले आहे. तेथे अंतिम फेरी एका सामन्याची नसते. दोन संघ पुनःपुन्हा एकमेकांसमोर उभे राहतात, आणि जो आधी चार सामने जिंकेल तो अजिंक्य ठरतो. अर्थात मालिका जास्तीत जास्त सात सामने चालते.

या योजनेने दैवाचा वाटा खरोखर किती कमी होतो? आणि तो कमी झाल्यावर जी पारख होते ती नेमकी कोणत्या गुणाची? या दोन प्रश्नांचा विचार करण्यास १९६९ सालच्या बॉस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांच्या मालिकेइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात तरुणांना घरात खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. टोपलीची पुढे लोखंडी कडी आणि जाळी झाली. उंची मात्र दहा फूट, ती आजही तेवढीच आहे. प्रत्येक बाजूस पाच गडी. चालू खेळात चेंडू कडीतून गेला की दोन गुण, प्रतिपक्षाच्या आगळिकीबद्दल मिळणाऱ्या मुक्तफेकीचा एक. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत या धंदेवाईक स्पर्धेत १९७९ साली आली, म्हणजे आमच्या गोष्टीच्या काळी ती नव्हती. सामना बारा-बारा मिनिटांच्या चार डावांचा. १९५४ पासूनचा एक नियम मात्र ध्यानात ठेवावा : चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत फेक केलीच पाहिजे. त्यामुळे आघाडीवर असलेल्या संघाला चेंडू कवटाळून वेळ काढता येत नाही, आणि मोठी आघाडीसुद्धा पाहता पाहता वितळून जाते.

आता दोन्ही पक्षांकडे पाहू. लेकर्स १९६२ पासून पाच वेळा अंतिम फेरीत बॉस्टनशी खेळले होते आणि पाचही वेळा हरले होते. त्या पाचही पराभवांत जेरी वेस्ट हा त्यांचा अव्वल खेळाडू मैदानात होता. त्याच्या जोडीला एल्जिन बेलरसारखा तोलामोलाचा गडी होता. त्यांतच १९६८ साली लेकर्सने विल्ट चेंबरलेनला आणले. सात फुटांहून उंच असा हा महाबली. १९६२ मध्ये एकट्याने एका सामन्यात १०० गुण करण्याचा पराक्रम याच्या नावावर आहे. असे तीन मोहरे एका पटावर जमल्यावर हरायचे कसे, हाच प्रश्न लोकांना पडला होता. साखळी सामन्यांत लेकर्सनी ८२ पैकी ५५ सामने जिंकले.

बॉस्टनचा संघ मात्र वयाने वाकलेला. साखळीत ४८ विजय आणि आपल्या विभागात चौथा क्रमांक. या संघाचा आधार बिल रसेल पस्तीस वर्षांचा होता. तोच मध्यवर्ती खेळाडू आणि तोच प्रशिक्षक. १९६६ मध्ये ते पद त्याच्याकडे आले तेव्हा या स्पर्धेतील संघाचा मुख्य प्रशिक्षक झालेला तो पहिला कृष्णवर्णीय गृहस्थ ठरला. ज्या शहराला त्याने एकामागून एक अजिंक्यपदे मिळवून दिली, त्याच्याच परिसरात त्याच्या घरात शिरून कोणी भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या आणि त्याची बक्षिसे फोडली, हेही नमूद केले पाहिजे. रसेलचे नाव गुणांच्या तक्त्यात फारसे वर दिसत नसे. त्याचे कसब बचावाचे. प्रतिपक्षाची फेक हवेत अडवताना तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. शक्य तेथे मैदानातच थोपवून आपल्या सोबत्याकडे वळवी. एक फेक अडली, आणि तिच्यातूनच आपली चढाई सुरू झाली! या एका सवयीत त्याची सगळी क्रीडानीती साठवलेली आहे.

मालिका २३ एप्रिलला लॉस एंजेलिसला सुरू झाली. पहिल्या सामन्यात वेस्टने एकट्याने ५३ गुण केले. लेकर्स १२०-११८ असे जिंकले. दुसऱ्यात त्याने ४१ केले, लेकर्स ११८-११२. तोवर रसेलने वेस्टवर एकच गडी ठेवला होता. बॉस्टनला परतल्यावर त्याने बेत बदलून वेस्टवर दोन-दोन गडी घातले, आणि तिसरा सामना बॉस्टनने १११-१०५ असा घेतला.

चौथा सामना हा मालिकेचा कणा. अवघे काही सेकंद उरले असताना लेकर्स ८८-८७ असे पुढे होते आणि चेंडूही त्यांच्याच हाती होता; पण तो त्यांनी गमावला. बॉस्टनने अखेरची रचना मांडली. तीन सोबत्यांच्या आडोशाने सॅम जोन्स मोकळा झाला, झेप घेताना त्याचा तोल गेला, तरी त्याने फेक केली. चेंडू कडीवर आपटला, उसळला आणि आत पडला. ८९-८८! हा चेंडू बाहेर पडता तर लेकर्स ३-१ असे पुढे गेले असते. आता बरोबरी झाली. पाचवा सामना घरच्या मैदानावर लेकर्सनी ११७-१०४ असा जिंकला. पण जिंकल्यासारखा झालेल्या त्या सामन्याच्या शेवटी वेस्टच्या मांडीचा स्नायू दुखावला. सहावा बॉस्टनने ९९-९० असा घेतला. सहा सामने झाले, आणि सहाही यजमानांनी जिंकले. सातवा लॉस एंजेलिसलाच व्हायचा होता. तोपर्यंत अंतिम मालिकेचा सातवा सामना पाहुण्या संघाने कधीच जिंकलेला नव्हता.

५ मे १९६९. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवाची जय्यत तयारी केली होती. छताला जाळ्यांत हजारो फुगे बांधून ठेवले होते, विद्यापीठाचा वाद्यवृंद बोलावला होता, आणि विजयानंतर कोणता कार्यक्रम कोणत्या क्रमाने होईल त्याचा कागदही छापून तयार होता. तो कागद रसेलच्या हाती पडला. आपल्याकडे ‘बाजारात तुरी’ म्हणतात ती ही गोष्ट! बॉस्टनच्या खेळाडूंना आणखी चेतवण्याची गरज उरली नाही. फुगे पाहून वेस्टचाही संताप झाला, असे सांगतात.

बॉस्टनने सुरुवातीपासून वेग धरला आणि चौथ्या डावात आघाडी १७ गुणांवर नेली. पण चोवीस सेकंदांच्या नियमाने आपला गुण दाखवला. मांडीला पट्टी बांधलेल्या वेस्टने आघाडी कुरतडण्यास आरंभ केला. पाच-साडेपाच मिनिटे उरली असता चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. थोड्या वेळाने त्याने परत येण्याची तयारी दाखवली. प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला घेतले नाही. या निर्णयावरचा वाद कित्येक वर्षे चालला. अंतर अखेर एका गुणावर आले : १०३-१०२. मिनिट-सव्वा मिनिट उरले असेल. बॉस्टनच्या हॅव्हलिचेककडचा चेंडू एरिक्सनने मागून हात घालून उडवला. तो नेमका गेला डॉन नेल्सनकडे. ज्याला १९६५ साली लेकर्सनीच संघातून मोकळे केले होते, तोच हा नेल्सन. त्याने फेक केली. चेंडू कडीच्या मागल्या कडेवर आपटून सरळ वर उडाला आणि खाली येताना जाळीतून गेला. बॉस्टन १०८, लॉस एंजेलिस १०६. फुगे छतालाच राहिले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सातही सामन्यांच्या गुणांची आम्ही बेरीज करून पाहिली. लेकर्सचे ७४४, बॉस्टनचे ७४१. म्हणजे तीन गुण अधिक करूनही लेकर्स मालिका हरले! चौथा आणि सातवा हे दोन सामने मिळून तीनच गुणांनी गेले, आणि दोन्हींत चेंडू कडीवर उसळून आत पडला. मालिकेने दैव हद्दपार होते हे म्हणणे, तेव्हा, खरे नाही.

पण म्हणून सारेच दैवाधीन म्हणावे, तर तेही पटत नाही. दोन सामने हरल्यावर बचावाची मांडणी बदलणारा रसेल, शेवटच्या सेकंदांत एका माणसाला मोकळे करण्यासाठी आडोसा धरून उभे राहणारे त्याचे सोबती, उडालेला चेंडू येईल तेथे सावध असलेला नेल्सन, यांना दैवाने फक्त दार उघडून दिले. दाराशी ते आधीपासून उभे होते. मालिकेत पारखला जातो तो हा गुण : आजच्या पराभवातून उद्यासाठी शिकणे, आणि पाच जणांनी मिळून एक गडी होणे. दुसऱ्या बाजूला चेंबरलेन बाकावर बसला आणि प्रशिक्षकाचा व त्याचा मेळ बसला नाही. मोहरे तिन्ही मोठे, पण डाव एक झाला नाही.

वेस्टचे काय? सातव्या सामन्यात त्याने ४२ गुण केले, कडीवरून परतलेले १३ चेंडू टिपले आणि १२ वेळा सोबत्यांना गुण मिळवून दिले. मालिकेत त्याची सरासरी सुमारे ३८ गुणांची होती. त्या वर्षी अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब प्रथमच दिला जाणार होता. तो परीक्षकांनी हरलेल्या संघाच्या वेस्टला दिला. त्यानंतर आजवर पराभूत संघातील कोणालाही तो मिळालेला नाही. सोबत एक मोटार मिळाली. तिचा रंग हिरवा, म्हणजे सेल्टिक्सचाच! १९७२ साली त्याला अजिंक्यपद लाभले; तरी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या पराभवांचे शल्य त्याने झाकलेले नाही. सहा पराभव एका विजयाने पुसले जात नाहीत, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

रसेलचे ते तेरा हंगामांतील अकरावे अजिंक्यपद. सॅम जोन्सप्रमाणे त्यानेही त्याच सामन्यानिशी खेळ सोडला. चेंबरलेन सामना सोडून बसला अशी उघड टीका त्याने केली, आणि त्या एका बोलण्यापायी दोघा जुन्या स्नेह्यांचा अबोला सुमारे दोन दशके टिकला. पुढे तो मिटला, आणि १९९९ साली चेंबरलेनच्या अंत्यविधीच्या वेळी रसेल उपस्थित होता. तो स्वतः २०२२ मध्ये निवर्तला, वेस्ट २०२४ मध्ये.

जो किताब १९६९ साली प्रथम वेस्टला मिळाला, त्याला २००९ पासून बिल रसेलचे नाव देण्यात आले आहे. विजयी आणि पराजित, सांघिक वृत्ती आणि वैयक्तिक पराक्रम, असे जे दोन पक्ष त्या रात्री समोरासमोर होते, त्यांची नावे अशा रीतीने एकाच पारितोषिकाला जोडली गेली. मालिका कोणी जिंकली हे धावफलकाने सांगितले. कोण श्रेष्ठ, हे सांगण्यास मात्र त्या खेळालाही दोन नावे घ्यावी लागली. आणि यात त्या खेळाचा प्रामाणिकपणा आहे, असे आम्हांस वाटते.