ट्रेलरच्या भिंतीत खिडकी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिका आणि कॅनडा येथे मोटारीमागे जोडून सामान वाहून नेण्यासाठी चारही बाजूंनी व वरून पत्र्याने बंद केलेले ‘कार्गो ट्रेलर’ सर्रास वापरले जातात. तयार निवासी वाहनापेक्षा असा रिकामा ट्रेलर स्वस्त पडत असल्याने अनेक जण तो विकत घेऊन स्वतःच्या हाताने त्याचे फिरत्या घरात रूपांतर करतात. या कामात धास्ती वाटते ती खिडकीची, कारण त्यासाठी धडधाकट भिंतीला भोक पाडावे लागते. या धास्तीभोवती जमलेले बहुतेक गैरसमज एकाच मुळातून निघतात, ते म्हणजे ट्रेलरची भिंत घराच्या भिंतीसारखीच असते ही समजूत.

पत्रा कापला की भिंत खिळखिळी होते असे काहींना वाटते, तर खिडकी कोठेही बसवली तरी चालते असे काहींना वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. ट्रेलरचा सांगाडा पोलादी चौकोनी नळ्यांचा असतो, त्यातील उभे खांब एकमेकांपासून साधारणपणे १६ किंवा २४ इंचांवर असतात, त्यांवर बाहेरून जेमतेम ०.६ ते ०.७६ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा आणि आतून बहुधा पाऊण-एक सेंटिमीटर जाडीचे प्लायवूड असते. छताचा भार खांब पेलतात, त्यामुळे दोन खांबांमधला पत्रा कापल्याने सहसा फारसे बिघडत नाही. मात्र रुंद खिडकीच्या हौसेपायी खांब कापला, तर भोकाच्या वर आणि खाली आडव्या नळ्या जोडून तो भार शेजारच्या खांबांकडे वळवावाच लागतो. आतले प्लायवूड उतरवले की खांब आणि दिव्यांच्या तारा थेट दिसतात. ते उतरवायचे नसेल, तर बाहेरून चुंबक फिरवून खांबांचा माग काढता येतो, कारण अ‍ॅल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही, पण पातळ पत्र्याआडचे पोलाद ते ओढून घेते. तारा मात्र चुंबकाला सापडत नाहीत, म्हणून प्लायवूड उतरवण्याचा कंटाळा करू नये हेच बरे.

घरासाठीची खिडकी स्वस्तात मिळाली तर ती येथेही चालेल, हा समज महागात पडतो. घराची चौकट स्थिर भिंतीसाठी घडवलेली असते, तर ट्रेलरची भिंत धावताना सतत हादरते आणि किंचित पिळली जाते. निवासी वाहनांच्या खिडकीची काच सहसा टेम्पर्ड असते, म्हणजे ती तापवून झटकन थंड केलेली असते. त्यामुळे ती फुटली तरी धारदार सुळे न होता बारीक तुकडे होतात. अशी काच मागाहून कापता येत नाही, म्हणून भोक खिडकीच्या मापाचे करावे लागते. तयार खिडकी मागाहून भोकाच्या मापाची करून घेणे शक्य नसते. या खिडकीचे दोन भाग असतात: बाहेरून पत्र्यावर टेकणारी काठाची चौकट आणि आतून स्क्रूने आवळली जाणारी कडी. भिंत या दोहोंच्या चिमटीत धरली जाते, पत्र्यातून एकही स्क्रू जात नाही. मात्र ही चिमटी ठरावीक जाडीसाठीच असते, आणि पत्रा व प्लायवूड यांमधली पोकळी तशीच राहिली तर स्क्रू आवळताना पत्रा आत दबतो. म्हणून भोकाच्या कडेने आत लाकडी पट्ट्यांची चौकट भरून घ्यावी लागते.

कापण्याचे काम मात्र त्याच्या लौकिकाइतके अवघड नाही. पत्र्यावर मास्किंग टेप लावून त्यावर खिडकीच्या अंगापेक्षा किंचित मोठी आकृती गोल कोपऱ्यांसह आखावी, पाते आत जाण्यापुरते भोक ड्रिलने पाडावे आणि बारीक दातांचे पाते लावलेली जिगसॉ सावकाश चालवावी. टेपमुळे यंत्राच्या तळपट्टीचे ओरखडे रंगावर उमटत नाहीत. कापलेली कड कानसीने घासून घ्यावी, आणि पोलाद कापले गेले असेल तर त्याचा कीस लगेच झाडून टाकावा, कारण पहिल्याच दमट रात्री तो पांढऱ्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उठवतो.

सर्वांत चिवट गैरसमज सिलिकॉनविषयीचा आहे. सिलिकॉनची नळी सगळीकडे फिरवली की पाणी बंद, असे मानले जाते. पण सिलिकॉन एकदा वाळले की त्याच्या अवशेषांवर दुसरे काही, अगदी नवे सिलिकॉनही, नीट चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून बाहेर पडणारे आम्ल धातूला बाधते. त्यामुळे पुढे खिडकी काढून पुन्हा बसवण्याची वेळ आली, तर जुना थर खरवडण्यातच दिवस जातो. चौकटीखाली ब्युटिल टेप, म्हणजे कधीच न वाळणाऱ्या कृत्रिम रबराची कणकेसारखी मऊ पट्टी, दाबून बसवणे अधिक योग्य ठरते. याचे कारण तापमानात आहे: ६ मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढल्यावर साधारण साडेपाच मिलिमीटर वाढू पाहतो, तर पोलादी सांगाडा जेमतेम तीन, ही ओढाताण रोज होत असताना सांध्यातला पदार्थ सरकता, ताणता राहिला पाहिजे. आतले स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, हातानेच आवळावेत; कडेने ब्युटिल सगळीकडे सारखे बाहेर येऊ लागले की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी घ्यावी.

सीलबंद करण्याच्या उत्साहात चौकटीखालची छोटी छिद्रेही बुजवली जातात, आणि गळती येथूनच सुरू होते. सरकत्या काचेच्या खिडकीत पावसाचे पाणी खालच्या खाचेत जमणे हा दोष नसून तिच्या रचनेतच गृहीत धरलेली गोष्ट आहे. ते पाणी चौकटीच्या खालच्या बाजूला बाहेर उघडणाऱ्या निचरा-छिद्रांतून जाते. ती छिद्रे बंद झाली की खाच भरते आणि पाणी आतल्या बाजूला ओसंडते.

आतल्या कडीवर सकाळी दिसणारे पाणी दर वेळी गळतीचेच असते असेही नाही. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वास आणि घामातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत मिसळते, तर शेगडीत एक किलो प्रोपेन वायू जळताना सुमारे १.६ किलो पाणी निर्माण होते. ही वाफ आतल्या सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे एकेरी काच आणि तिची अ‍ॅल्युमिनिअमची चौकट यांवर, जमते. कोरड्या पण थंड रात्रीनंतर कडी ओली आढळली, तर सीलंटवर संशय घेण्याचे कारण नाही. खात्री करायची असल्यास पाइपने, दाब न देता, खालून वर जात पाणी सोडावे आणि त्या वेळी आत बसून पाहावे. आत थेंब दिसला नाही, तर बाहेरून आणखी थर चढवण्याऐवजी छतात हवा खेळती ठेवणारा झरोका बसवावा.