वन्य सरीसृपांची पारध व व्यापार

जंगलातील साप, घोरपडी, कासवे, मगरी इ. सरीसृप वर्गातील प्राणी मांस, कातडे, चरबी किंवा विष यांसाठी पकडणे व त्यांची खरेदी-विक्री करणे यांचा समावेश या विषयात होतो. जननाने दर वर्षी जेवढी भर पडते तिच्या मर्यादेतच प्राणी काढून घेतले, तर मूळ साठा टिकून राहतो; अशा पारधीस शाश्वत पारध म्हणतात. तत्त्व सोपे आहे. परंतु त्याच्या अंमलबजावणीसाठी साठा किती, भर किती व उचल किती हे तिन्ही आकडे हाती असावे लागतात. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशातील घोरपडीच्या उदाहरणावरून यातील अडचण चांगली स्पष्ट होते.

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता; १९५९ मध्ये तो चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यात आला. वर्धा नदीपलीकडील या भागात साग, मोह, तेंदू व बांबू यांची पानझडी जंगले असून गोंड व कोलाम लोकांची वस्ती आहे. १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड व एटापल्ली भागांत माडिया लोक राहतात. या सर्व प्रदेशात घोरपड परिचित आहे. सरहद्दीवरील तेलुगू भाषक तिला ‘उडुमु’ म्हणतात. मांसासाठी तिची पारध येथे पूर्वापार चालत आली आहे. कुत्र्यांच्या मदतीने माग काढून, बीळ खणून किंवा झाडाच्या ढोलीत धूर करून तिला बाहेर काढतात.

येथे आढळणाऱ्या घोरपडीचे शास्त्रीय नाव व्हॅरॅनस बेंगालेन्सिस असे आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याची शेपटीसह लांबी सु. १.७५ मी. पर्यंत असते व शेपटी धडापेक्षा लांब असते. कीटक, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची व इतर सरीसृपांची अंडी आणि मेलेले प्राणी हे तिचे भक्ष्य असल्यामुळे शेतीच्या दृष्टीने ती उपयुक्तच ठरते. (घोरपडीला दोर बांधून गड चढल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, तिला ऐतिहासिक आधार नाही.) पावसाळ्याच्या सुमारास मादी जमिनीत खड्डा करून किंवा वारुळात सु. २० अंडी घालते. ती फुटण्यास अनेक महिने लागतात आणि पिलू प्रजननक्षम होण्यास सु. तीन वर्षे जातात. बहुसंख्य पिले लहानपणीच इतर प्राण्यांच्या तोंडी पडतात. साठा टिकतो तो वाचलेल्या थोड्या प्रौढ माद्यांच्या आधारावर, आणि मांस व चरबी जास्त मिळते म्हणून पारधी नेमक्या याच मोठ्या जनावराच्या मागे असतो. उगवणाऱ्या रोपांऐवजी बियाण्याचे कणीसच कापावे, तसा हा प्रकार आहे.

घरच्या चुलीपुरती होणारी पारध आणि बाजारासाठी होणारी पारध यांत मोठा फरक आहे. पहिलीला भुकेची मर्यादा असते, दुसरीला नसते. चरबीचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असल्याच्या समजुतीने विकले जाते. त्यास शास्त्रीय पुरावा नाही. खंडोबाच्या उपासनेतील दिमडी व दाक्षिणात्य संगीतातील खंजिरी ही वाद्ये घोरपडीच्या कातड्याने मढवीत. आता बकऱ्याचे कातडे व कृत्रिम पडदे वापरात आले आहेत. सर्वांत विलक्षण प्रकार ‘हत्ताजोडी’ चा होय. धनलाभ करून देणारी दुर्मिळ मुळी म्हणून विकली जाणारी ही वस्तू प्रत्यक्षात नर घोरपडीचे सुकवलेले जननांग असते, हे २०१७ मध्ये संशोधकांनी उघडकीस आणले. गिऱ्हाईक वनस्पती समजून विकत घेते आणि शेकडो कोस दूरच्या जंगलातील नर मारला जातो.

परदेशी फॅशनच्या वस्तूंसाठी एके काळी भारतातून सापांची व घोरपडींची कातडी लाखोंच्या संख्येने निर्यात होत. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७६ मध्ये सापाच्या कातड्यांच्या निर्यातीवर आलेली बंदी आणि त्याच वर्षी वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात झालेला भारताचा प्रवेश यांमुळे हा उघड व्यापार संपला. घोरपड अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या शिकारीस तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे परंपरागत हक्क मान्य केले, परंतु शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला व गौण वनोपजाची व्याख्या वनस्पतिजन्य पदार्थांपुरती ठेवली. त्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर २०११ पासून स्वतःचा बांबू विकता आला. घोरपडीबाबत असा मार्ग कोणत्याही ग्रामसभेस नाही. जीवशास्त्रीय दृष्ट्या ही बंदी समर्थनीय आहे. तथापि तिच्यामुळे पातेल्यापुरती एक घोरपड धरणारा कोलाम व हत्ताजोडीचा शहरी व्यापारी एकाच कलमाखाली येतात. शिवाय लपून झालेल्या उचलीची नोंद होत नाही, म्हणजे तीनपैकी एक आकडा कायमचाच हातचा जातो.

नियंत्रित पारध यशस्वी झाल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील ॲलिगेटरचे आहे. १९६७ मध्ये संकटग्रस्त ठरलेल्या या प्राण्याची मर्यादित पारध लुइझियाना राज्यात १९७२ पासून सुरू झाली. दलदलीच्या क्षेत्रानुसार जमीनमालकास क्रमांकित पट्ट्या मिळतात. पट्टीवाचून कातडे विकता येत नाही. पुढे रानातील अंडी गोळा करून पिले वाढविण्याचीही पद्धत पडली व वाढलेल्या पिलांचा ठराविक हिस्सा पुन्हा दलदलीत सोडणे बंधनकारक झाले. दलदल राखणे मालकाच्या फायद्याचे झाले आणि १९८७ मध्ये हा प्राणी संकटग्रस्त यादीतून निघाला. तेथे घरटी विमानातून मोजता येतात. वारुळातील अंडी मोजता येत नाहीत. इंडोनेशियात पाणघोरपडीच्या कातड्यांसाठी दर वर्षी कोटा ठरवितात. मात्र ती जात वर्षातून अनेकदा अंडी घालते व मनुष्यवस्तीजवळही वाढते.

भारतात याच्या जवळ जाणारा प्रयोग तमिळनाडूतील इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेचा होय. कातड्यांचा धंदा बंद झाल्यावर १९७८ मध्ये ती स्थापन झाली. परवान्याने पकडलेले नाग, मण्यार, घोणस व फुरसे काही आठवडे ठेवून, त्यांचे विष काढून त्यांना पुन्हा जंगलात सोडतात. विष प्रतिविषाच्या निर्मितीसाठी जाते. जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष गोळा करण्यास परवाना देण्याची सोय अधिनियमाच्या बाराव्या कलमात आहे. घोरपडीचे मांस, तेल व कातडे यांपैकी काहीही तिला न मारता मिळत नाही.