शोभिवंत झाडांसाठी शिग्रुपत्र-स्वरस

वृक्षांचीही चिकित्सा करावी, ही दृष्टी आपल्या परंपरेत प्राचीन आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाध्यायात झाडाचा रोगग्रस्त भाग शस्त्राने काढून विडंग, घृत व चिखल यांचा लेप करावा आणि दूधमिश्रित पाणी घालावे, असे सांगितले आहे. सुरपालाने वर्णिलेले कुणपजलही वृद्धिकर मानले जाते. तथापि मांस, मेद आदी द्रव्यांपासून सिद्ध होणारे हे दुर्गंधी द्रव चिकित्सालयाच्या आवारात वापरणे सोयीचे नाही. तेथे शेवग्याच्या कोवळ्या पानांचा स्वरस अधिक उपयुक्त ठरतो.

या पानांत झिएटिन हे सायटोकायनिन वर्गातील संप्रेरक असते. पेशीविभाजनास चालना देणे, बगलफुटीस साहाय्य करणे व पाने पिवळी पडण्याची क्रिया लांबविणे, ही त्याची प्रमुख कार्ये होत. शेवंती, गुलाब, जास्वंद यांवर म्हणूनच त्याचा प्रयोग करता येतो.

विधी : ताजी कोवळी पाने १०० ग्रॅम घेऊन सुमारे १० मि.ली. पाण्यासह वाटावीत व वस्त्रगाळ करावीत. निघालेल्या स्वरसाच्या एका भागात ३० भाग पाणी मिसळून सायंकाळी पानांवर दोन्ही बाजूंनी फवारावे. स्वरस लवकर आंबतो. म्हणून सद्यःसिद्ध असाच वापरावा. आरंभी काही कुंड्यांवर केवळ पाणी फवारून तुलना करावी. त्याविना गुणाचा निर्णय होत नाही.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. हा स्वरस खताची जागा घेत नाही. कुंडीतील माती निकृष्ट असेल तर केवळ फवारणीने लाभ नाही. सायटोकायनिनाच्या आधिक्याने मुळे फुटण्यास अडथळा येतो. म्हणून नुकत्याच लावलेल्या फाट्यांवर तो वापरू नये.

औषधनिर्मात्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. असा अर्क बाटलीत भरून ‘वृद्धिवर्धक’ म्हणून विकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना मनुष्य व पशू यांच्या औषधांपुरता असतो. केंद्र शासनाने २०२१ साली खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती करून वनस्पतिजन्य अर्कांसह बायोस्टिम्युलंट उत्पादने त्याच्या कक्षेत आणली. त्या आदेशाची पूर्तता न करता अशी विक्री केल्यास मूळ व्यवसायाचीही प्रतिष्ठा पणाला लागते. स्वतःच्या बागेपुरता प्रयोग मात्र प्रत्येक वैद्याने अवश्य करावा आणि निरीक्षणे नोंदवून ठेवावीत.