जंगलाच्या शिवेवरील नवीं घरें

भाऊवाटणी झाली म्हणजे दुसरी चूल आली, आणि दुसरी चूल आली म्हणजे दुसरें घर आलें. कोणत्याही खेड्यांत ही गोष्ट नित्याची आहे. परंतु ज्या खेड्याची शीव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाशीं भिडलेली आहे, तेथें हेंच साधें घर महसूलखातें, वनखातें, न्यायालय व वाघ ह्या चौघांचा प्रश्न होऊन बसतें. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या भोंवतालच्या कास्तकारांस तो आज विशेष जाचत आहे. गांवठाण भरून गेलेलें, मातीच्या भिंतीचें व कवेलूच्या छपराचें जुनें घर पडावयास आलेलें, घरकुलाची मंजुरी हातीं आलेली. पण बांधावें कोठें? ह्या प्रश्नास कायदा काय उत्तर देतो, व कायदा जेथें मुका आहे तेथें शहाण्या शेतकऱ्यानें काय पहावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम जागेची ओळख करून घेऊं. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें. त्या वेळीं हा मुलूख जुन्या मध्यप्रदेश राज्यांत होता. उद्यानाचें क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. पुढें १९८६ सालीं त्यास लागून अंधारी अभयारण्य झालें, व १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प ठरला. ह्या मधल्या भागास 'गाभा' म्हणतात. तो सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या सभोंवतीं २०१० सालीं सुमारें ११०० चौरस किलोमीटरचें 'बफर' क्षेत्र जाहीर झालें. गाभ्यांत मनुष्यवस्ती असूं नये असें धोरण आहे. उलट बफर क्षेत्र हें माणूस व जनावर ह्या दोघांच्या सहवासाकरितांच आंखलेलें आहे. त्यांत गांवें आहेत, धानाच्या बांध्या आहेत, बोड्या आहेत, शाळा आहेत. तेव्हां बफर म्हणजे शेतकऱ्यास हांकलून देण्याची जागा, ही जी समजूत कांहीं ठिकाणीं पसरली आहे, ती निराधार होय.

ह्याशिवाय तिसरें एक नांव वारंवार कानीं पडतें, तें 'पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र'. हें १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालीं केंद्रसरकार जाहीर करतें, व त्यांत कोणतीं कामें वर्ज्य, कोणतीं नियमाधीन व कोणतीं मोकळीं, हें अधिसूचनेंत लिहिलेलें असतें. ह्या क्षेत्रावरून मोठा गोंधळ माजला तो २०२२ सालीं. त्या वर्षीं ३ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा हुकूम दिला कीं, प्रत्येक राष्ट्रीय उद्यानाच्या व अभयारण्याच्या सीमेपासून निदान १ किलोमीटरचा पट्टा संवेदनशील समजावा, व त्यांत कोणत्याही कारणाकरितां नवें कायम बांधकाम होऊं देऊं नये. हुकुमाचा हेतु चांगला होता. परंतु 'कोणत्याही कारणाकरितां' ह्या शब्दांत कास्तकाराच्या मुलाची खोलीही येते, अंगणवाडीही येते, व पाण्याची टांकीही येते! केरळांत तर डोंगरी शेतकऱ्यांनीं ह्यावर मोठें रान उठविलें. अखेर २६ एप्रिल २०२३ रोजीं न्यायालयानें आपला हुकूम सुधारला. पडकें घर पुन्हां उभारणें, अथवा वाढलेल्या कुटुंबाकरितां त्यास जोड देणें, हेंही बंद झालें तर त्यानें जनावर व माणूस ह्यांचें वैर कमी न होतां वाढेल, हें न्यायालयानें मान्य केलें. संरक्षित जंगलांत व त्याच्या सीमेपासून १ किलोमीटरपर्यंत खाणींस बंदी मात्र कायम राहिली, आणि ती राहिली हें योग्यच झालें.

सारांश, स्थानिक रहिवाशानें स्वतःच्या राहण्याकरितां घर बांधण्यास सर्रास मनाई नाहीं. नवीं व्यापारी हॉटेलें व विश्रामगृहें ह्यांस मात्र उद्यानाच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आंत सामान्यतः मनाई असते. आपलें शेत नेमकें कोणत्या पट्ट्यांत पडतें हें गट क्रमांकावरून पाहून घ्यावें. ऐकीव माहितीवर पाया खणूं नये.

येथवर कायद्याचें झालें. परंतु घर बांधण्यास परवानगी आहे एवढ्यावरून तें कोठेंही बांधावें असें होत नाहीं. आमच्या मतें ह्या सर्व प्रश्नाचें मर्म घर किती मोठें आहे ह्यांत नसून तें कोठें आहे ह्यांत आहे.

वाघ, बिबट किंवा अस्वल रात्रीं फिरतें तें वाटेल तसें फिरत नाहीं. नाल्याचा कांठ, बोडीची पाळ, झुडपी जंगलाची पट्टी, दोन वनांमधील पडीत, अशा आडोशाच्या वाटा त्यांस ठाऊक असतात. वयांत आलेला नर वाघ आईचा मुलूख सोडून नवा मुलूख शोधूं लागतो तो ह्याच वाटांनीं. वाट बंद झाली म्हणजे तो नाहींसा होत नाहीं. तो बाजूच्या शेतांतून जातो. आतां समजा, एका गांवांत २० नवीं घरें व्हावयाचीं आहेत. एका घराचा दिवा, कुत्रें व माणसांचा वावर ह्यांची बाधा १०० मीटरपर्यंत पोंचते असें उदाहरणादाखल धरूं. तर शेतांत एकटें असलेलें घर आपल्या भोंवतालची सुमारें पावणेआठ एकर जमीन जनावरास बंद करतें. अशीं २० घरें दूर दूर बांधलीं तर सुमारें १५५ एकर बंद झाली. तींच २० घरें गांवठाणास लागून दोन एकरांत एकत्र बांधलीं, तर त्यांच्या भोंवतालचा पट्टा धरूनही हा आंकडा १९ एकरांच्या वर जात नाहीं. घरें तींच, विटा त्याच, परंतु बाधेंत आठपटींचा फरक! शिवाय वीज, नळ, रस्ता ह्यांचा खर्च एकत्र वस्तींत कमी येतो हें निराळेंच. आपल्या वाडवडिलांनीं गांव एकठायीं वसविलें व शेतांत केवळ राखणीचा मांडव ठेवला, ह्यांत मोठें शहाणपण होतें.

शेतांतील राखणीचा मांडव व शेतांतील कुटुंबाचें घर ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. मांडव हंगामापुरता असतो. कुटुंबाच्या घराबरोबर शेळ्या येतात, कोंबड्या येतात, उकिरडा येतो व दोन-तीन कुत्रीं येतात. आणि बिबट्या माणसाकरितां येत नाहीं, तो ह्यांच्याकरितां येतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत ऊंसाच्या रानांत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली, व तिचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. बिबट्यांच्या भक्ष्यापैकीं वजनानें ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा, व त्यांतही ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा, असें त्यांत आढळलें. उकिरडा कुत्र्यास पोसतो व कुत्रें बिबट्यास पोसतें, असा हा हिशेब आहे. ज्यास राखण्याकरितां पाळावें तेंच आमंत्रण देतें.

म्हणून नवें घर बांधतांना खोल्यांइतकाच विचार सांदवाडीचा करावा. शौचकूप दारापासून हांकेच्या अंतरावर असावा. पहांटे लोटा घेऊन झुडपांत जाण्याचा प्रसंग स्त्रिया व मुलें ह्यांवर येऊं नये, कारण खालीं वांकून बसलेला मनुष्य जनावरास मनुष्यासारखा दिसत नाहीं. शेळ्यांचा कोठा चोहोंकडून व वरूनही बंद असावा. नुसत्या कुडाची भिंत बिबट्यास अडवीत नाहीं. विहिरीस कठडा बांधावा. दिवा असा बसवावा कीं उजेड अंगणांत पडेल, रानाकडे पसरणार नाहीं. घराच्या पाठीमागें रायमुनियाचीं झुडपें वाढूं देऊं नयेत. ह्यांतील एकही काम महाग नाहीं. घरकुलाच्या केंद्रीय योजनेंत सपाट प्रदेशाकरितां १ लक्ष २० हजार रुपये व निदान २५ चौरस मीटरचें घर हें प्रमाण ठरलेलें आहे. त्यांत शेळ्यांचा बंद कोठा जमेस धरलेला नाहीं, ही आमच्या दृष्टीनें योजनेंतील उणीव आहे. ताडोबासारख्या ठिकाणीं तो घराचाच भाग समजला पाहिजे.

कुंपणासंबंधीं स्पष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे. पिकाभोंवतीं तारेंत घरची वीज सोडणें हा गुन्हा आहे, आणि त्यानें रानडुकराबरोबर वाघ मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, प्रसंगीं शेजारीही मरतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो. तो जनावरास परतवितो, मारीत नाहीं. बफरमधील गांवांकरितां श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे. अशा कामांकरितां ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत मागणी करतां येते. मात्र कुंपण शेतास घालावें, वाटेस घालूं नये. प्रत्येकानें आपआपला बांध नाल्यापर्यंत तारेनें बंद केला तर नाला ही कोंडी होते, आणि कोंडींत सांपडलेलें जनावर गांवांत शिरतें.

रस्त्याच्या बाबतींत ह्या कोंडीवर उपाय सांपडला आहे. नागपूरहून उत्तरेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलांतून जातो. तेथें महाराष्ट्राच्या हद्दींत रस्ता उंचावून खालून जनावरांकरितां ५० ते ७५० मीटर रुंदीचे नऊ मार्ग सोडले, आणि वाघांसह अनेक जनावरें त्यांतून जातांना कॅमेऱ्यांत टिपलीं गेलीं आहेत. परंतु रस्ता खांबांवर उचलतां येतो, घरांची रांग उचलतां येत नाहीं. ती चुकीच्या जागीं झाली म्हणजे कायमची झाली.

दुसरी गोष्ट जमिनीच्या विक्रीची. मोहर्ली, कोलारा वगैरे प्रवेशद्वारांच्या बाजूस पर्यटकांकरितां विश्रामगृहें झालीं आहेत. शहरांतील पैसेवाल्याची नजर आपल्या चार एकरांवर पडते, भाव धानाच्या उत्पन्नाशीं न जुळण्याइतका मोठा मिळतो, आणि कालचा मालक उद्यां त्याच बांधावर पहारेकरी होतो. विकणाऱ्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मुलीचें लग्न व सावकाराचें देणें कोणास चुकत नाहीं. पण गरीबाच्या २५ मीटरच्या घरास दहा आक्षेप व बड्याच्या तलावासह बंगल्यास वाट मोकळी, असें जेथें होतें तेथें वन्यप्राण्यांच्या रक्षणावरील लोकांचा विश्वास उडतो.

ह्या बाबतींत इंग्लंडची पद्धत विचारांत घेण्याजोगी आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानें म्हणजे निर्मनुष्य अरण्यें नव्हेत. १९५१ पासूनच्या डार्टमूर, लेक डिस्ट्रिक्ट ह्यांसारख्या उद्यानांत पिढीजात शेतकरी राहतात, मेंढ्या पाळतात, व जमिनीचे मालकही आहेत. नव्या घराची परवानगी उद्यानाचें स्वतंत्र मंडळ देतें. आणि पुष्कळदां ती ह्या अटीवर देतें कीं घरांत राहणारा मनुष्य त्याच भागांतील रहिवासी अथवा तेथें काम करणारा असला पाहिजे. हौशी शहरवासी त्यामुळें दूर राहतो व भूमिपुत्रास छप्पर मिळतें. आमच्याकडे अशी अट ग्रामसभेच्या शिफारशीनें संवेदनशील क्षेत्राच्या आराखड्यांत घालण्याची मागणी कास्तकारांनींच करावी, असें आम्हांस वाटतें.

गाभ्यांतून बाहेर येणाऱ्या गांवांचाही येथें उल्लेख केला पाहिजे. बोटेझरी, नवेगांव, जामणी हीं गांवें उठून बाहेर वसलीं, व जुन्या जामणी-नवेगांवच्या शेतांवर आज कुरण वाढून चितळ-गवे चरतात. स्वेच्छेनें उठणाऱ्या कुटुंबाचें साहाय्य २०२१ सालीं १० लक्षांवरून १५ लक्ष रुपयांवर नेलें गेलें. उठणें स्वेच्छेचें असावें, व त्यापूर्वीं २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे निकालांत निघावे, हा कायदाच आहे. परंतु नवी वसाहतसुद्धां नवीं घरेंच होत. ती दुसऱ्या एखाद्या भ्रमणमार्गावर बसविली, तर एका गांवाचें दुखणें दुसऱ्या गांवाच्या गळ्यांत घातल्यासारखें होईल.

आतां राहिला भरलेल्या गांवठाणाचा प्रश्न. गांवठाण वाढविणें जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारांत आहे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत अलीकडे घातलेल्या कलम ४२-ड प्रमाणें गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आंतील जमीन ठरलेला आकार भरून राहण्याच्या कामीं आणण्याची सवलत झाली आहे. तिनें वनकायद्याच्या व संवेदनशील क्षेत्राच्या अटी रद्द होत नाहींत. तरी घर दूर शेतांत नेण्याऐवजीं गांवाशीं जोडून ठेवण्यास तिचा चांगला उपयोग आहे. ज्यांची जमीन ह्या २०० मीटरांत आहे त्यांनीं भावकींत जागेची अदलाबदल करण्याची तयारी ठेवावी. बांधावरून कोर्टांत जाणाऱ्या आमच्या समाजांत हें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. पण दूरच्या घरास वीज व वाट नेण्याचा खर्च मांडून पाहिला म्हणजे पुष्कळांचें मन वळतें.

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या कीं घरांचे पाये खणले जातात, म्हणून जागेचा निर्णय त्याच्या आधीं ग्रामसभेंत व्हावा. गांवनकाशाची प्रत भूमि-अभिलेख कचेरींत मिळते. तिच्यावर नाले, बोड्या व जनावर उतरण्याच्या वाटा लाल शाईनें आंखून घ्याव्या. गुराखी व वनरक्षक ह्यांस बरोबर घेतलें तर हें काम दोन दिवसांचें आहे, आणि गुराख्यास ज्या वाटा ठाऊक असतात त्या सर्वच कचेरीच्या नकाशावर सांपडत नाहींत.